मेहुण्याचा डबल बेस

आमच्या चाळीतल्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात एक सहा फुटी पाहुणा गेली अठरा वर्षे उभा आहे. नवा माणूस घरात आला की आधी त्याच्याकडे पाहतो, मग आमच्याकडे. एका विमा एजंटाने तर ‘हे वाजतं, की शोभेचं आहे?’ असे विचारले होते. तो डबल बेस आहे आणि माझ्या मेहुण्याचा आहे. मेहुणा तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिना अरुंद आहे, आमची खोली तळमजल्यावर. म्हणून वादक वर आणि वाद्य खाली अशी वाटणी झाली.

ज्या वाचकांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांनीही ते ऐकलेले असते. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत तबला-ढोलकच्या खालून जो जाड, गोल स्वर पावले टाकत चालतो, तो पुष्कळदा याचा असतो. व्हायोलिनच्या कुळातले हे सर्वांत मोठे भावंड. तारा चार, प्रत्येक तार शेजारणीपासून सा ते म एवढ्या अंतरावर. हार्मोनियमला पट्ट्या असतात, गिटारला पडदे असतात, याला काही नाही. वादकाने जागा हाताने ओळखायची. खालच्या जागेवर नुसत्या अर्ध्या स्वराचे अंतर साडेपाच-सहा सेंटिमीटर पडते. बोट जरा चुकले की स्वर बेसूर.

मेहुणा हे माझगावातल्या एका वृद्ध गोवेकर वादकाकडे शिकला. त्या गुरुजींची हयात चित्रपटांच्या स्टुडिओत गेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझर आला आणि चाळीस-पन्नास वादकांच्या जागी दोघे-तिघे पुरू लागले. जाताना त्यांनी आपला बेस याला दिला. पैसे घेतले नाहीत. फक्त ‘उभा ठेव, आडवा टाकू नको’ एवढे सांगितले.

आता मोठे वाद्यवृंद फारसे राहिले नाहीत. राहिले ते छोटे कार्यक्रम. एखाद्या कॅफेतला शनिवार, लग्नाचा स्वागत समारंभ, नाताळचे दिवस, सोसायटीच्या सभागृहात जुन्या गाण्यांची संध्याकाळ. गिटार, सॅक्सोफोन आणि बेस असे तिघे जण. उभे राहायला चार फूट जागा मिळते. मानधन बेताचे. यजमान चहा देतो, वडा देतो, पण टेम्पोचे भाडे देत नाही.

आणि सगळी अडचण त्या टेम्पोपाशी येते. हे वाद्य वजनाने भारी नाही, दहा किलोच्या आसपास असते. पण आकार असा की ते कुठेच मावत नाही. पूर्वी पद्मिनी टॅक्सीच्या टपावर कॅरियर असे. गादी टाकून, दोरीने आवळून बेस वर निजवला की काम होई. (गुरुजींचा ‘आडवा टाकू नको’ हा नियम टॅक्सीपुरता माफ होता.) २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी गेली. आताचे टॅक्सीवाले लांबूनच खोळ पाहतात आणि भाडे रद्द करतात. लोकलच्या लगेज डब्यात तो कितीदा तरी गेला आहे, माशांच्या पाट्या आणि भाजीच्या गाठोड्यांमध्ये बेसला मिठी मारून. पण दादरचा पूल चढताना एकदा त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी मणक्याची गादी सरकल्याचे सांगितले आणि उचलायचे बंद केले. वय सेहेचाळीस.

मी कारकून माणूस. एका रविवारी पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा हिशेब मांडला. मानधनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा टेम्पोत गेला होता. चार कार्यक्रम तर त्याने जाता येणार नाही म्हणून सोडले होते.

‘दाजी, आता बेस गिटारच वाजवतो,’ तो म्हणाला.

हा पर्याय काही नवा नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये पडदे असलेला विजेचा बेस बाजारात आणला, तेव्हापासून असंख्य वादकांनी याच कारणासाठी तो गळ्यात अडकवला. मेहुण्यालाही तो येतो. पण उभ्या बेसचा स्वर उमलतो आणि विरतो तो त्याच्या लाकडाच्या पोटात. ज्याला ती सवय लागली त्याला गिटार म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून बोलल्यासारखे वाटते.

मग त्याने तिसऱ्या वाटेची चौकशी सुरू केली. उभा बेसच, पण प्रवासाचा. ही धडपडही जुनी आहे. एव्हरेट हल या अमेरिकन बेसवादकाने चाळिशीच्या दशकात बेसच्या पायाच्या खुंटीत आवाज टिपणारे यंत्र बसवले. त्या यंत्राच्या नावावरूनच अँपेग ही कंपनी निघाली. त्याच कंपनीने १९६२ मध्ये ‘बेबी बेस’ काढला. चेलोएवढे प्लास्टिकचे अंग, मान मात्र मोठ्या बेसची. न्यूयॉर्कच्या लॅटिन नाचगाण्याच्या बँडांनी तो असा उचलला की साल्सा संगीताचा तो ठसठशीत स्वर त्याचाच झाला. आज या प्रकारात पुष्कळ वाणे आहेत. काहींना पोटच नाही, नुसती चौकट असते. काहींचे पोट अर्धे. काहींची मान स्क्रू काढून वेगळी होते, म्हणजे विमानातही नेता येतात. अनेक विमान कंपन्या एका नगाला बत्तीस किलोची मर्यादा पाळतात आणि कडक पेटीतला मोठा बेस सहज त्यापुढे जातो.

एक गोष्ट मेहुण्याने शहाणपणाची केली. स्वस्तात मिळणारे काही लहान बेस तारेनेही आखूड असतात, गिटारएवढे, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या आसपास. ते त्याने नाकारले. मोठ्या बेसची तार साधारण १०५ सेंटिमीटर असते. दोन वाद्यांवर दोन मापे ठेवली की हात दोन्हीकडे चुकतो. त्याने तारेचे माप तेच ठेवून अंगाने लहान आणि मानेतून सुटणारा बेस निवडला. खोळीत घातला की सवाचार फूट.

पैशांचा प्रश्न आला तेव्हा पहिला विचार जुना बेस विकण्याचा झाला. गिऱ्हाईकही आले होते. आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या, त्या लाटणे हातात घेऊनच बाहेर आल्या. ‘तो विकायचा नाही. इतकी वर्षं त्याच्या मागचा कचरा मी काढलाय.’ विषय संपला. पतपेढीचे कर्ज काढले, छत्तीस हप्ते. जामीन कोण, हे सांगायला नको.

वाद्य आले आणि आम्हाला वाटले, सुटलो. खरी शिकवणी तिथून सुरू झाली.

मोठ्या बेसची मान जिथे धडाला मिळते तिथे मागे एक टाच असते. डावा अंगठा त्या टाचेला टेकला की पहिले बोट सर्वांत बारीक तारेवर एका ठरलेल्या स्वरावर पडते, काही बेसांवर डी तर काहींवर ई फ्लॅट. वादक तिथे डोळे मिटून पोचतो. अंधारात घरातले बटण सापडते तसे. गुरुजींच्या बेसवर ती जागा डीची होती. नव्या बेसवर निघाली ई फ्लॅटची. घरी सराव करताना त्याच्या हे लक्षात आले, त्याने खडूची खूणही केली. पण पहिल्याच कार्यक्रमात, लग्नाच्या स्वागत समारंभात, गाणे रंगले, डोळे मिटले आणि अंगठा अठरा वर्षांच्या सवयीने टाचेला जाऊन टेकला. वरच्या जागेवरचे सगळे स्वर अर्ध्या स्वराने चढे. गायिकेने वळून पाहिले. पाहुण्यांना कळले नसावे, ते आइस्क्रीमच्या रांगेत होते. पण परत येताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही.

दुसरी अडचण अंगाची. मोठा बेस वादकाच्या पोटाला आणि डाव्या मांडीला टेकून उभा राहतो. लहान बेसला खांदेच नाहीत, तो आपल्या खुंटीवर गरकन फिरतो. त्यासाठी बाजूला दुमडता येणारा एक लोखंडी हात दिलेला असतो. तो योग्य उंचीवर लावायलाच पंधरा दिवस गेले. खुंटीची उंची दोन बोटे वर, एक बोट खाली, असे चालले होते. जुन्या बेसची उंची त्याने कधी मोजलीच नव्हती. शेवटी टेप घेऊन मी जुन्याचे माप काढले, जमिनीपासून घोडीपर्यंत, आणि तेच नव्याला लावले. हे पहिल्या दिवशी करायला हवे होते.

तिसरी अडचण मला सर्वांत नवलाची वाटली. मोठ्या बेसचा कंप वादकाच्या बरगड्यांत उतरतो. गोंगाटात कानाला ऐकू आले नाही तरी अंगाला कळते. लहान बेस अंगाला काही सांगत नाही. सर्वांत जाड तार सेकंदाला एक्केचाळीस कंपने करते. त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते, आमच्या खोलीपेक्षा मोठी. एवढ्या खोल स्वराचा पाया मोठ्या बेसच्या पोटालाही नीट पेलत नाही. वरचे उपस्वर ऐकून उरलेला स्वर आपला कान भरून काढतो. लहान ट्रान्झिस्टरवरही ढोलाचा घुमार ऐकू येतो तो याच कारणाने. लहान पोटात पाया आणखी कमी, म्हणून ॲम्प्लिफायर आलाच. आणि तोही आठ-दहा किलोचा! खांद्यावरचे ओझे हातात आले, असा माझा शेरा. पण त्याला चाके आहेत हे मान्य केले पाहिजे.

जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला नाही. तो खुर्चीवर ठेवून मागून कानाकडे तोंड केल्यावर मेहुण्याला आपला सूर सापडू लागला. मोठा बेस स्पीकरजवळ आला की शिट्टी मारतो, हुंकारतो. चार फुटांच्या कोपऱ्यात ही नेहमीची कटकट होती, ती लहान बेसवर पुष्कळ कमी झाली. गजाने वाजवले तर मात्र हा अजून नाकात बोलतो. गजाची गाणी त्याने कार्यक्रमातून तूर्त काढली आहेत.

आणि जोडणी. पोट आणि पाठ यांच्या मध्ये आत एक लाकडी कांडी नुसती दाबावर उभी असते, सरसाने चिकटवलेली नसते. चार तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर. मान काढायला तारा सैल केल्या की तो दाब जातो. एकदा कांडी आतच पडली आणि तो कार्यक्रम गिटारवर उरकावा लागला. तेव्हापासून शहरातल्या कार्यक्रमाला तो मान काढत नाही, जोडलेलाच नेतो. बाहेरगावी गेला तर अर्धा तास आधी पोचतो, कारण ताणलेल्या तारा स्थिर व्हायला वेळ घेतात.

रेल्वे आणि बेस यांचा विषय निघाला की मला मिल्ट हिंटन आठवतात. १९१० साली मिसिसिपीत जन्मलेले हे काळे वादक आधी व्हायोलिन वाजवत. मूकपट बंद झाले, थिएटरातले व्हायोलिनचे काम गेले, तेव्हा ते बेसकडे वळले. १९३६ ते १९५१ ते कॅब कॅलोवे यांच्या बँडमध्ये होते. दक्षिणेत काळ्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून तो बँड भाड्याच्या रेल्वे डब्यातून फिरे. हिंटन बेसबरोबर कॅमेराही बाळगत. काळ्यांसाठी वेगळे प्रवेशद्वार दाखवणाऱ्या पाट्यांखाली उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे आज इतिहासाचा पुरावा झाली आहेत. त्या गाडीत सहा फुटी बेसला जागा होती. उतरल्यावर वादकाला नव्हती.

मेहुण्याला मी हे सांगितले तेव्हा तो तार पुसत होता. ‘दाजी, त्यांच्या बेसला चाक होतं का?’ त्याने एवढेच विचारले.

गेल्या महिन्यात ठाण्याला एका सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रम होता. मी ॲम्प्लिफायर ओढायला गेलो होतो. दोन तास तो वाजवत होता. अंगठ्याने टाचेची जागा एकदाही चुकवली नाही. मी टाचेकडेच पाहत बसलो होतो, गाणी कोणती झाली ते विचारू नका. परतताना रात्री साडेअकराची लोकल, साधा डबा. त्याने बेस दारालगत भिंतीला टेकवला आणि खाली बसला. मुलुंडला चढलेल्या एका मुलाने खोळीकडे बघून ‘काका, कॅरम आहे का?’ असे विचारले.

रविवारी तो खाली येतो आणि जुन्या बेसवर गज चालवतो. त्या वेळी आमच्या खोलीतली भांडी मांडणीवर थरथरतात. कर्जाचा तेविसावा हप्ता एक तारखेला गेला, तेरा राहिले आहेत.