लेखन जतन करण्याची त्वरा आणि त्याची शाश्वती

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावी बसून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास वीज जाण्याचा प्रसंग अपरिचित नाही. २००५ च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनामुळे दिवसाचे कित्येक तास पुरवठा बंद असे. वेळापत्रकाप्रमाणे जाणारी वीज एक वेळ पत्करली. अवेळी जाणारी मात्र लेखनाचा घात करते. समजा, त्याने क्षणापूर्वीच मजकूर जतन केला होता आणि पडद्यावर तशी नोंदही उमटली होती. तरीही तो नष्ट होऊ शकतो काय? होऊ शकतो.

टेक्स्ट एडिटरने लिहिण्याची आज्ञा दिली म्हणजे मजकूर तत्काळ चकतीवर जातोच असे नाही. कार्यप्रणाली तो प्रथम रॅममध्ये ठेवून घेते व सवडीने चकतीवर उतरविते. लिनक्समध्ये ही सवड सामान्यतः सुमारे ३० सेकंदांची असते. कारण उघड आहे. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीस एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. रॅममधील लेखन त्यामानाने निमिषार्धाचे. ‘एफ-सिंक’ ही आज्ञा दिल्यास मात्र मजकूर चकतीवर पोहोचेपर्यंत एडिटरला थांबावे लागते.

या थांबण्याचा जाच २००८ मध्ये फायरफॉक्स ३ च्या वापरकर्त्यांस जाणवला. लिनक्सच्या एक्स्ट-३ या फाइल-व्यवस्थेत एका फाइलसाठी दिलेली एफ-सिंक आज्ञा इतर फाइलींचे साचलेले लेखनही ओढून आणी व पडदा खोळंबून राही. पुढच्याच वर्षी नाण्याची दुसरी बाजू दिसली. नवा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहून तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावे, ही पद्धत सुरक्षित मानली जाई. एक्स्ट-४ मध्ये नामांतराची नोंद आधी आणि मजकूर मागाहून चकतीवर जाऊ लागला. मध्येच संगणक बंद पडला की शून्य लांबीची फाइल उरे. जुने लेखनही गेले, नवेही गेले. २००९ च्या लिनक्स २.६.३० मध्ये यावर तोड काढण्यात आली. तथापि ती फाइल-व्यवस्थेची सवलत होय, हमी नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते त्वरेचा युक्तिवाद आपोआप होणाऱ्या जतनापुरता ग्राह्य धरावा. व्हिम २०० अक्षरांनंतर किंवा ४ सेकंदांच्या विरामानंतर, तर ईमॅक्स ३०० अक्षरांनंतर किंवा ३० सेकंदांच्या विरामानंतर वेगळी प्रत लिहून ठेवतो. तेथे प्रत्येक वेळी चकतीची वाट पाहणे जाचक ठरेल. परंतु मनुष्य स्वतः कळ दाबून मजकूर जतन करतो, तेव्हा त्यास शाश्वतीच हवी असते, आणि त्यापायी गेलेले काही मिलिसेकंद त्यास जाणवतही नाहीत. व्हिममध्ये एफ-सिंक मुळातच चालू असते ती योग्यच होय. निजलेली चकती जागी होऊन लॅपटॉपची बॅटरी खर्ची पडते, हा आक्षेप मला गौण वाटतो.

एक गोष्ट मात्र एफ-सिंकच्याही हाती नाही. काही चकत्या मजकूर आपल्या अंगच्या छोट्या स्मृतीत घेताच ‘लिहिला’ असे कळवून मोकळ्या होतात.