पक्ष्यांना न दिसणारी इमारत

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, बुलढाण्यातील लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी या महाराष्ट्रातील तीन जागांना २०२० ते २०२२ या काळात आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळाले. असा दर्जा लाभला की पर्यटकांचा ओघ वाढतो आणि पर्यटकांपाठोपाठ निधीही येतो. या निधीतून बहुधा सर्वप्रथम उभी राहते ती इमारत. माहिती केंद्र, उपाहारगृह, स्वच्छतागृहे, वाहनतळ या सोयी हव्यातच. त्यांच्याविना सहली येणार कशा? अडचण एवढीच, की लोक ज्यांना पाहायला येतात ते पक्षी माणसाच्या चाहुलीनेच उडून जातात. तेव्हा पाणथळीकाठचे केंद्र रेखाटणाऱ्या वास्तुरचनाकारापुढे चारचौघांत उठून दिसणारी वास्तू निर्माण करण्याचे आव्हान नसते. पक्ष्यांच्या लेखी ती नसल्यासारखीच व्हावी, हे त्याचे खरे काम असते.

या दृष्टीने हाँगकाँगचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील तिन शुई वाई हे नवे नगर मत्स्यतळ्यांच्या जागी भराव घालून वसविण्यात आले. या विकासात नष्ट झालेल्या पाणथळीची भरपाई म्हणून नगर आणि त्यापलीकडची खाडी यांच्या दरम्यानचा पट्टा राखण्यात आला. या ६१ हेक्टर जागेवरील हाँगकाँग वेटलँड पार्क २००६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याचे अभ्यागत केंद्र सुमारे दहा हजार चौरस मीटरचे, म्हणजे अजिबात लहान नाही. तरीही ते डोळ्यांत खुपत नाही, याचे श्रेय त्याच्या छपराला आहे. हे छप्पर म्हणजे गवताने आच्छादलेला विस्तीर्ण उतार आहे. शहराकडून येणाऱ्याला समोर एखादी हिरवी टेकडीच दिसते. त्या उतारावरून चालत वर गेले, की पलीकडची तळी आणि बोरूची बने नजरेस पडतात. छपरावरची माती उन्हाची तलखी आत पोहोचू देत नाही, वातानुकूलनासाठी जमिनीखालच्या स्थिर तापमानाचा उपयोग केला जातो आणि खिडक्यांवरील लाकडी पट्ट्या ऊन अडवितात. मोठ्या यंत्रांची घरघर आणि काचेचा झगझगाट अशा रीतीने पाण्यापासून दूर राहतो.

परंतु छपरापेक्षाही महत्त्वाची आहे ती केंद्राची जागा. ते पाणथळीच्या मध्यभागी नसून शहराच्या बाजूला, कडेवर आहे. बस, गर्दी, शाळेच्या मुलांचा कलकलाट हे सारे इमारतीच्या एका अंगाला आणि शांतता दुसऱ्या अंगाला. इमारत या दोहोंमधली भिंत झाली आहे. येथील गोड्या पाण्याच्या तळ्यांना मिळणारे पाणी नव्या नगरातून वाहून आलेले पावसाचे पाणी असते आणि बोरूच्या वाफ्यांतून निवळून ते पुढे जाते. ज्या नगराने पाणथळ गिळली, त्याच्याच पाण्यावर दुसरी जगविण्याचा हा प्रयोग आहे.

शारजातील वासित येथे नेमका उलट मार्ग अवलंबिण्यात आला. कचरा आणि सांडपाणी टाकून उकिरडा झालेल्या या पाणथळीच्या पुनरुज्जीवनाला २००५ मध्ये प्रारंभ झाला. ‘एक्स आर्किटेक्ट्स’ या संस्थेने आखलेले तेथील केंद्र २०१५ मध्ये पूर्ण झाले आणि २०१९ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. छप्पर टेकडीसारखे करण्याऐवजी येथे इमारतच जमिनीत उतरविली आहे. अभ्यागत उतरत्या वाटेने खाली जातो आणि काचेच्या लांब सज्जात पोहोचतो. काच सरळ उभी नाही, कललेली आहे; त्यामुळे आतल्या माणसाला प्रतिबिंबांचा त्रास होत नाही आणि बाहेरच्या पक्ष्यापुढे आरसाही उभा राहत नाही. काही पक्षी येथे विस्तीर्ण पिंजऱ्यांत ठेवलेले आहेत, हे मात्र सर्वांनाच रुचेल असे नाही.

काचेचा हा मुद्दा शोभेचा नाही. काचेत उमटलेले आकाश पक्ष्याला खरे वाटते, तो त्या दिशेने झेपावतो आणि आदळून मरतो. रात्रीच्या दिव्यांचेही तसेच. स्थलांतर करणारे कित्येक पक्षी रात्री उडतात आणि प्रखर प्रकाशझोत त्यांची दिशाभूल करतात. म्हणून दिवे थोडे, बुटके आणि खाली तोंड केलेले असावेत. संध्याकाळनंतर केंद्र बंदच असावे, हे अधिक बरे. निरीक्षणगृहाचे झरोके उत्तरेकडे असतील तर आपल्याकडे वर्षातील बहुतेक काळ सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. तेथवर जाणारी वाट बोरूच्या किंवा बांबूच्या कुडाने झाकलेली हवी, नाही तर माणूस झरोक्यापाशी पोहोचण्यापूर्वीच पाणी रिकामे झालेले असते. आराखड्यात सर्वांत उपेक्षित राहते ते स्वच्छतागृह. पाणथळीकाठी भूजल अगदी वर असते. साध्या शोषखड्ड्यातला मैला थेट तळ्यात झिरपण्यास वेळ लागत नाही.

तथापि, या सगळ्याहून गंभीर प्रश्न पाण्याच्या वाटेचा आहे. मऊ जमिनीवर इमारत उभी करायची तर भराव घालणे ठेकेदाराला सोयीचे असते आणि वाहनतळाकडे जाणारा रस्ता म्हणजे तर बांधच. त्याखाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर भरतीचे किंवा पुराचे पाणी पलीकडे पोहोचत नाही आणि एक बाजू सुकत जाते. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावात २०२४ मध्ये फ्लेमिंगोंचे मृत्यू झाले, तेव्हा भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली होती. तेथे माहिती केंद्र कारणीभूत नव्हते, पण पाण्याला भराव कोणत्या हेतूने घातला याच्याशी कर्तव्य नसते. खांबांवर उचललेली इमारत आणि लाकडी फळ्यांची पायवाट महाग पडते, देखभालही मागते. मात्र पाणी खालून वाहते राहते.

ठाणे खाडीच्या काठावर ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो पाहण्यासाठी तेथून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरतात. घड्याळ खाडीचे असते, कार्यालयाचे नव्हे. नांदूर मधमेश्वरची गोष्ट वेगळी आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामुळे ही पाणथळ निर्माण झाली, त्यामुळे पाण्याची पातळी पावसाइतकीच सिंचनाच्या आवर्तनांवरही अवलंबून असते. आज निरीक्षण मनोऱ्यापुढे दिसणारे पाणी महिन्याभराने दूर सरकलेले असू शकते आणि पक्षी पाण्यामागे जातात. अशा ठिकाणी एकच भव्य पक्के केंद्र बांधण्यापेक्षा काठावर विखुरलेली, गरजेप्रमाणे हलविता येतील अशी लहान निरीक्षणगृहे अधिक उपयोगी ठरतील. मुख्य इमारत गावाशेजारी, आधीच वापरात असलेल्या कोरड्या जमिनीवर ठेवता येईल आणि तेथून पाण्यापर्यंतचे अंतर पर्यटकांना पायी जाता येईल.