गायक गेला, बँड टिकला

गिटारच्या क्लासमध्ये एकाने विचारलं, "सर, मेन सिंगरच गेला तर बँड संपतोच ना?" मी त्याला एसी/डीसी ऐकवला.

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला. त्याच जुलैत, ब्रायन जॉन्सनच्या आवाजात, 'बॅक इन ब्लॅक' बाजारात! कव्हर काळंकुट्ट, सुरुवातीला घंटेचे संथ टोल. बॉनला श्रद्धांजली.

जमलं, कारण कणा शाबूत होता: माल्कम यंगची रिदम गिटार. शीर्षकगीताचा रिफ नीट ऐका. कॉर्ड वाजते, लगेच तारा दाबून आवाज तोडला जातो आणि त्या रिकाम्या जागेत ड्रम बोलतात.

२०१४ मध्ये आजारपणामुळे माल्कमही थांबला. जागा घेतली पुतण्या स्टीव्हीने. माझ्या मते खरी कसोटी हीच होती, गायक बदलण्यापेक्षा अवघड.