वसिष्ठासन : एका हातावर तोललेले शरीर



योगासनांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांस ताडासन, भुजंगासन, वज्रासन, शवासन अशा नावांनी झालेली असते. २०१५ पासून दरवर्षी २१ जून रोजी योगदिनी जो ठराविक क्रम सामुदायिकपणे केला जातो, त्यातही हीच मंडळी भेटतात. वसिष्ठासन त्या क्रमात नाही. त्यामुळे प्रातःकाळी आसने करणाऱ्या ज्येष्ठांसही ते नावानेच माहीत असते, आणि तरुण मुलांना ते 'साइड प्लँक' या नावाने व्यायामशाळेतून ठाऊक झालेले असते. आजोबा आणि नातू एकाच क्रियेस दोन नावांनी ओळखतात, आणि एकाचे दुसऱ्याला पटत नाही. शिवाय अलीकडे भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहून, कोणासही न विचारता, पहिल्याच दिवशी पूर्ण आसन करू पाहणारे व नंतर खांदा धरून बसणारे लोक आमच्या पाहण्यात येऊ लागले आहेत. म्हणून या आसनाची सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. वसिष्ठ हे सप्तर्षींपैकी एक, ऋग्वेदाच्या सातव्या मंडलाचे द्रष्टे आणि रघुकुलाचे पुरोहित. 'वसिष्ठ' या शब्दाचा अर्थच अत्युत्तम, सर्वांत संपन्न असा होतो. आकाशातील सप्तर्षींमध्ये त्यांचा तारा असून त्याच्या अगदी निकट अरुंधती आहे. विवाहप्रसंगी वधूवरांस ती दाखविण्याची रीत आपल्याकडे आहेच. ज्या विश्वामित्रांशी वसिष्ठांचा कामधेनूवरून कलह झाला, त्यांच्याही नावाचे एक आसन आहे, आणि तेही एका हातावर तोल सांभाळण्याचेच आहे. पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइट ऑन योग' या ग्रंथात वसिष्ठासन, काश्यपासन व विश्वामित्रासन ही तीन आसने शेजारी शेजारी दिलेली आहेत. दोघा प्रतिस्पर्धी ऋषींच्या मध्ये काश्यपांस बसविण्यात काही हेतू होता की काय, असा विचार मनात येऊन गंमत वाटते.

मात्र ऋषींचे नाव लाभले म्हणून आसनही वेदकालीन, असे समजण्याचे कारण नाही. हठयोगप्रदीपिकेत १५ आसने वर्णिली आहेत, घेरंडसंहितेत ३२. या दोहोंतही हे आसन नाही. प्रदीपिकाकारांनी वसिष्ठादी मुनींना मान्य असलेली आसने सांगतो असे म्हटले आहे खरे, पण ते वसिष्ठांच्या परंपरेविषयी, या आसनाविषयी नव्हे. आज आपण करतो ते रूप विसाव्या शतकातील योगशिक्षकांच्या शिकवणीतून रूढ झाले. आमच्या मते यात कमीपणा काहीच नाही. आसनाची किंमत त्याच्या वयावरून ठरत नाही.

आता कृती. ज्यांनी तालमीत जोर काढले आहेत त्यांना ती समजण्यास वेळ लागणार नाही. जोर काढण्यापूर्वी हात ताठ ठेवून, पाय मागे घेऊन, शरीर फळीसारखे सरळ करावे. मग शरीराचा भार हळूहळू उजव्या तळहातावर आणि उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर घ्यावा. डावे पाऊल उजव्या पावलावर ठेवावे. आता छाती समोर उघडलेली असेल. डावा हात प्रथम कमरेवरच राहू द्यावा. तोल साधला की मग तो वर आकाशाकडे सरळ करावा. डोके, कंबर व टाचा एका रेषेत असाव्यात. श्वास नेहमीसारखा चालू ठेवावा. दहा ते वीस सेकंद थांबून पूर्वस्थितीत यावे, क्षणभर विसावा घ्यावा व दुसऱ्या बाजूने तेवढाच वेळ करावे.

एवढे वाचून सोपे वाटते. प्रत्यक्षात पाचव्या सेकंदालाच खालची कंबर जमिनीकडे झुकू लागते, आणि आसनाचे सारे मर्म तेथेच आहे. खालची कूस, म्हणजे बरगड्या आणि खुबा यांच्यामधला भाग, वर उचलून धरावयाचा असतो. ती सैल सोडली की सगळा भार खांद्याच्या सांध्यावर लोंबकळतो. दुसरी चूक खांद्याची: तो कानाकडे चढू देऊ नये. तळहाताने जमीन दूर ढकलीत आहोत अशी कल्पना केली की पाठीवरचा खवाटा आपोआप जागेवर बसतो. तळहात खांद्याच्या बरोबर खाली न ठेवता बोटभर पुढे ठेवल्यास मनगटाचा कोन कमी होतो व तेथील ताण हलका होतो. पाचही बोटे पसरून, तर्जनीच्या मुळाशी दाब द्यावा. सगळा भार मनगटाच्या टाचेवर पडू देऊ नये. मानेला त्रास होत असेल त्यांनी वर पाहण्याचा हट्ट धरू नये, समोर पाहावे.

पूर्ण वसिष्ठासनात वरचा पाय उचलून त्याचा अंगठा हाताने धरतात. ते चित्रात शोभून दिसते. चाळिशीनंतर आरंभ करणाऱ्याने ते चित्रातच पाहावे.

ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी निराश होऊ नये, कारण याच आसनाच्या सोप्या पायऱ्या आहेत आणि आमच्या वाचकांपैकी निम्म्याहून अधिकांना त्याच उपयोगी पडतील. सर्वांत सोपी भिंतीची. भिंतीकडे कूस करून हातभर अंतरावर उभे राहावे, खांद्याच्या उंचीवर तळहात भिंतीला टेकवावा, आणि पावले किंचित दूर नेऊन शरीर एका सरळ रेषेत भिंतीकडे कलते करावे. सत्तरीच्या पुढील भाविकांनी येथेच थांबले तरी चालेल. त्यापुढची पायरी म्हणजे जमिनीवर खालचा गुडघा टेकवून, पोटरी मागे दुमडून करणे. भार कमी होतो आणि कुशीचे काम मात्र चालू राहते. मनगट दुखत असेल तर तळहाताऐवजी कोपरापासूनचा हात जमिनीवर ठेवावा, कोपर नेमके खांद्याखाली असावे. दोन्ही पावले एकमेकांवर ठेवून तोल जात असेल तर वरचे पाऊल पुढे जमिनीवर टेकवावे.

यापासून होते काय? एका हातात भरलेली कळशी घेऊन चालणाऱ्या बाईकडे पाहावे. कळशी उजव्या हातात असते, पण काम चालते ते डाव्या कुशीचे. तेथले स्नायू कणा वाकू देत नाहीत म्हणून ती सरळ चालू शकते. पोटाच्या बाजूचे तिरपे स्नायू आणि कमरेच्या आत, बरगडीपासून खुब्याच्या हाडापर्यंत असलेला क्वाड्रेटस लंबोरम हा स्नायू, ही त्यांतली मुख्य मंडळी. पुढे वाकणे, मागे वळणे यांसाठी आपल्याकडे आसने पुष्कळ आहेत. ताडासन-त्रिकोणासनात कूस ताणली जाते. परंतु कुशीने भार पेलायचा असा प्रसंग नित्याच्या क्रमात फारसा येत नाही, आणि ती उणीव वसिष्ठासनाने भरून निघते.

दुसरा लाभ खुब्याचा. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी ओटीपोटाचा भाग दुसऱ्या बाजूस कलू न देण्याचे काम खुब्याच्या बाहेरील स्नायू करतात. वय वाढते तसे ते दुर्बल होतात, चाल डुलती होते आणि प्रदक्षिणा घालताना किंवा पायरी उतरताना तोल जातो. वृद्धापकाळी पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा बळकटीचा व्यायाम करावा, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी किमान तीन दिवस तोल व बळ या दोहोंवर भर देणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे. वसिष्ठासनाची झेपेल ती पायरी यात चांगली बसते. तोल सांभाळण्यासाठी वृक्षासनाची जोड असावी.

कंबरदुखीच्या संदर्भातही या क्रियेचे नाव आदराने घेतले जाते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील प्राध्यापक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी पाठीच्या कण्यावर पडणाऱ्या भाराचा दीर्घ अभ्यास करून जे तीन व्यायाम निवडले, त्यांत कोपरावरचा साइड प्लँक आहे. कणा वाकविल्याशिवाय त्याच्या आधाराच्या स्नायूंना काम मिळते, हे त्याचे कारण. अर्थात पायात कळ जाणे, मुंग्या येणे, बधिरपणा अशी लक्षणे असतील तर प्रथम डॉक्टर, आसन नंतर.

दाव्यांची पारख करण्याची परंपरा आम्हां बडोदेकरांस नवी नाही. डभोईस जन्मलेले स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात येथेच जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियानबंध व नौली यांचे परिणाम तपासले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले ते याच दृष्टीने. तेव्हा वसिष्ठासनाविषयी ऐकू येणाऱ्या गोष्टीही आपण तशाच चाळून घ्याव्यात.

त्यांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट कण्याच्या बाकाची, ज्याला स्कोलिओसिस म्हणतात. अमेरिकेतील डॉ. लॉरेन फिशमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली २५ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. कणा ज्या बाजूस फुगलेला आहे ती बाजू खाली ठेवून, केवळ त्याच एका बाजूने, दररोज सुमारे दीड मिनिट वसिष्ठासन करविले असता सरासरी सात महिन्यांच्या आत बाक सुमारे ३२ टक्के कमी झाला, असे त्यांनी लिहिले. आकडा मोठा आहे आणि तो फार पसरला. परंतु रुग्ण केवळ २५ होते आणि आसन न करणाऱ्यांचा तुलनेसाठी गट नव्हता. म्हणून यास उपचार सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण वाढत्या वयातील मुलींचा बाक झपाट्याने वाढू शकतो. मुलीचा एक खांदा वर दिसू लागला, वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसली, तर आसनावर विसंबून सहा महिने घालवू नयेत. अस्थिरोगतज्ज्ञांकडून क्ष-किरण चित्र काढून कोन मोजून घ्यावा. आसन करायचे की नाही आणि कोणत्या बाजूने, हे त्यानंतर त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे. चुकीची बाजू निवडण्याची जोखीम घरच्या घरी कोणी पत्करू नये.

रक्तदाबाचेही तसेच. स्थिर राहून स्नायू आवळून धरण्याच्या व्यायामांनी रक्तदाब उतरण्यास चांगली मदत होते, असे २७० चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात २०२३ साली दिसून आले. पण तो अभ्यास भिंतीला टेकून बसणे, मूठ आवळणे अशा व्यायामांचा होता, वसिष्ठासनाचा नव्हे. शिवाय आसन चालू असताना, विशेषतः श्वास रोखला तर, दाब त्या वेळेपुरता वाढतो. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी भिंतीची पायरी घ्यावी, दहा सेकंदांहून अधिक थांबू नये आणि औषध आपल्या मनाने बंद करू नये. पोट उतरते, मधुमेह जातो, अमुक चक्र जागृत होते, असेही छापलेले आढळते. कुशीचे स्नायू बळकट होतात; तेथली चरबी तेवढ्याने वितळत नाही.

मनगट, कोपर वा खांदा यांचे हाड मोडून गेलेले, खांदा निखळण्याची सवय असलेले, फ्रोझन शोल्डरने त्रस्त, हर्निया असलेले किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, यांनी हे आसन वैद्यकीय सल्ल्याविना करू नये. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल त्यांनी जमिनीवर एका हातावर तोल सांभाळण्याचे धाडस मुळीच करू नये. गर्भवती भगिनींनीही आपल्या डॉक्टरांस विचारावे. स्नायू थरथरणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर मात्र तत्काळ थांबावे.

आरंभी दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद, दोन वेळा, आठवड्यातून तीन दिवस पुरे. आठवड्याला पाच सेकंद वाढवीत अर्ध्या मिनिटापर्यंत जावे. पोट रिकामे असावे. गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी अंथरून हे आसन करू नये, ती हाताखालून सरकते. न घसरणारी चटई घ्यावी किंवा पावले भिंतीला टेकवून ठेवावीत. घड्याळ व अंगठ्या काढून ठेवाव्यात. हातात काचेच्या बांगड्या असतील तर तळहातावर भार देताना त्या कोपराकडे सरकवून वरून रुमाल बांधावा, आणि कोपरावरची पायरी अशा वेळी टाळावी, कारण त्यात बांगड्या जमिनीवर दाबल्या जाऊन फुटतात.