मोकळ्या हिरवळीचे अर्थशास्त्र

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधार नाही. शे-दीडशे एकर जमीन, तिच्यावर बारमाही राखलेले गवत आणि त्या गवतावर एका वेळी फिरणारी मोजकी माणसे, हे दृश्य पाहिले की पगारदार माणसाच्या मनात प्रथम हिशेबच उभा राहतो. तथापि ज्या मैदानाकडे आज जगभर या वैभवाचा मानदंड म्हणून पाहिले जाते, त्याचा मूळ आराखडा टंचाईच्या काळात, काटकसरीच्या तत्त्वावर आणि सामान्य खेळाडूला डोळ्यांसमोर ठेवून काढलेला होता. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल हे ते मैदान. त्या आखणीची आणि पुढे तिचे जे झाले त्याची कथा, गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्या वाचकानेही समजून घ्यावी अशी आहे. कारण मर्यादित साधनांतून काय घ्यावे आणि काय सोडावे, हाच तिचा खरा विषय आहे.

या खेळाचे मूळ स्वरूप स्कॉटलंडच्या समुद्रकाठी घडले. तेथील वाळूच्या उंचवट्यांत पाणी लगेच जिरते, गवत खुरटे राहते, झाडे जवळजवळ नसतातच. वारा आणि जमिनीचे चढउतार हेच तेथले अडथळे. पुढे खेळ देशाच्या अंतर्भागात शिरला तेव्हा त्याला जुन्या उपवनांची, मोठ्या वृक्षांची आणि ओढ्यानाल्यांची जमीन मिळाली. अशा मैदानाला ‘पार्कलँड’ म्हणतात. दोन्हीकडे खेळ एकच. टी नावाच्या जागेवरून चेंडू मारायचा, फेअरवे या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून तो पुढे न्यायचा आणि ग्रीन नावाच्या तुळतुळीत हिरवळीवरील भोकात शक्य तितक्या कमी फटक्यांत घालायचा. असे अठरा टप्पे, म्हणजे अठरा होल. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. पार्कलँडची आखणी करणाऱ्यापुढे मोह असा की, झाडे आणि पाणी हाताशी आहेतच, तेव्हा प्रत्येक चुकीला शिक्षा करणारा एक अडथळा उभा करावा. ऑगस्टाच्या आराखड्याचे थोरपण हा मोह टाळण्यात आहे.

डॉक्टरचा आराखडा

ही जमीन पूर्वी बर्कमन्स या बेल्जियन कुटुंबाची रोपवाटिका होती. मॅग्नोलियाची दुतर्फा झाडी, अझेलियाची झुडपे आणि उंच पाइन वृक्ष हा तिचा वारसा. १९३० साली एकाच वर्षात चार प्रमुख अजिंक्यपदे जिंकून बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली आणि पुढच्याच वर्षी क्लिफर्ड रॉबर्ट्स या न्यूयॉर्कच्या आर्थिक व्यावसायिकाच्या साहाय्याने ३६५ एकरांचा हा तुकडा मिळवला. आखणीसाठी त्याने निवड केली अॅलिस्टर मॅकेंझी याची.

मॅकेंझी मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात लष्करी शल्यचिकित्सक म्हणून काम करीत असता बोअर शेतकरी जमिनीच्या नैसर्गिक आडोशाचा किती कुशलतेने उपयोग करतात हे त्याने पाहिले. पहिल्या महायुद्धात तो लपवणुकीच्या तंत्राचा शिक्षक झाला. माणसाने केलेली गोष्ट निसर्गाने केल्यासारखी दिसावी, हा रणांगणावरील धडा त्याने मैदानावर आणला. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या गोल्फविषयक पुस्तकाच्या उपशीर्षकातच मैदानाच्या बांधणीतील आणि देखभालीतील काटकसरीचा उल्लेख आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. खर्च ही आराखड्यानंतर मोजण्याची बाब नसून ती आराखड्याचाच भाग आहे, अशी त्याची धारणा होती.

त्या धारणेची कसोटी लागली ती महामंदीत. १९३२ साली हे काम झाले तेव्हा अमेरिकेतील बँका कोसळत होत्या. क्लबच्या चालकांनी १,८०० सभासदांची अपेक्षा धरली होती. प्रत्यक्षात १९३४ साली पहिली स्पर्धा भरली तेव्हा शंभरही झाले नव्हते. योजलेले दुसरे मैदान कागदावरच राहिले. मॅकेंझीने स्वतःच्या मानधनात कपात मान्य केली आणि ते घटवलेले मानधनही पुरते त्याच्या हाती पडले नाही. ६ जानेवारी १९३४ रोजी, पहिल्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी, तो वारला. गवताने भरलेले आपले मैदान त्याने पाहिलेच नाही.

शिक्षा नव्हे, निवड

या मैदानावर आरंभी बंकर होते अवघे बावीस. वाळूचा प्रत्येक खड्डा रोज समतल करावा लागतो, त्याच्या कडा हाताने कापाव्या लागतात. जमिनीचा उतार मात्र एकदा साधला की पगार मागत नाही. फेअरवे अतिशय रुंद होते आणि त्यांच्या कडेला चेंडू गिळणारे दाट गवत जवळजवळ नव्हते. त्यामुळे नवशिक्याचा चेंडू हरवत नसे आणि त्याची फेरी आनंदात पार पडे. मग निष्णात खेळाडूची परीक्षा कोठे होई? ती ग्रीनच्या अवघड उतारांवर आणि रुंद फेअरवेची नेमकी कोणती बाजू गाठायची या निर्णयात.

तेरावा होल हे याचे उत्तम उदाहरण होय. तो पाच फटक्यांत पुरा व्हावा असे गणित आहे. मार्ग डावीकडे वळतो, डाव्या कडेने एक ओढा वाहतो आणि तोच पुढे ग्रीनच्या समोरून आडवा जातो. पहिला चेंडू जो ओढ्याच्या जवळ टाकण्याचे धाडस करील, त्याला पुढच्या फटक्यासाठी सपाट जमीन आणि कमी अंतर मिळते. जो उजवीकडे सुरक्षित राहील, त्याला अंतर जास्त पडते आणि उतरत्या जमिनीवर तोल सावरत उभे राहावे लागते. दुसऱ्या फटक्यात ओढ्यापलीकडे ग्रीन गाठावे, की अलीकडेच थांबून एक फटका खर्चावा? सामान्य खेळाडू अलीकडे थांबतो आणि सन्मानाने पार पडतो. श्रेष्ठ खेळाडूला धोका पत्करल्यावाचून लाभ नाही. एका लाभासाठी दुसऱ्याचा त्याग करावा लागतो, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातील सिद्धांत येथे गवतावर आणि पाण्यावर मांडलेला दिसतो. कोणावरही सक्ती नाही. प्रत्येकाला आपल्या कुवतीप्रमाणे वाट आहे.

समृद्धीचे ओझे

पुढे स्पर्धेची कीर्ती वाढली, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि काटकसरीची गरज उरली नाही. बंकरांची संख्या सुमारे दुप्पट झाली. १९३७ साली दहाव्या होलचे ग्रीन मागच्या चढावर हलवण्यात आले. त्याच्याजवळचा मॅकेंझीचा विस्तीर्ण बंकर मात्र जुन्या जागीच, आता ग्रीनपासून दूर, फेअरवेच्या मधोमध राहिला आहे. पाहण्यास तो सुंदर, परंतु खेळाच्या दृष्टीने बहुतेक निरुपयोगी. १९९७ साली टायगर वूड्सने बारा फटक्यांच्या आघाडीने स्पर्धा जिंकली. त्यानंतर १९९९ मध्ये फेअरवेच्या कडेला वाढीव गवत आले, पाइनची नवी झाडे लागली आणि आरंभी सुमारे ६,७०० यार्ड असलेली लांबी आता साडेसात हजारांच्या पुढे गेली आहे. सभासद मात्र अजूनही ६,४०० यार्डांच्या आतच खेळतात!

या लांबीचे कारण चेंडूत आणि काठीत आहे. नव्या तंत्राने चेंडू दूर जातो, म्हणून तेराव्या होलवर ओढ्याचा धाक उरेनासा झाला. तो परत आणण्यासाठी क्लबने २०१७ साली शेजारच्या क्लबकडून जमीन विकत घेतली आणि २०२३ साली टी पस्तीस यार्ड मागे नेली. म्हणजे कारखान्यातील सुधारणेची किंमत जमिनीला मोजावी लागली. ज्याच्याजवळ पैसा आहे तो ती मोजू शकतो. ज्या साध्या मैदानाच्या टीमागे रस्ता वा वस्ती आहे, त्याने काय करावे? खेळाच्या नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या पल्ल्याला आवर घालण्याचा निर्णय जाहीर केला, तो या प्रश्नाच्या दडपणाखालीच.

याहून मोठी हानी अनुकरणाची आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचे जे विवेचन केले, त्याचा प्रत्यय येथे येतो. दूरचित्रवाणीवर ऑगस्टाची निर्दोष हिरवाई पाहून ठिकठिकाणचे सभासद तशाच हिरवाईचा आग्रह धरतात आणि पाणी, खते व मजुरी यांचा बोजा आपल्या मैदानावर लादून घेतात. जे अनुकरणीय होते, ते रुंद फेअरवे आणि मोजके बंकर, त्यांच्या नजरेतून सुटते.

आणखी एक विसंगती नोंदवल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. ज्या मैदानाच्या आराखड्यात दुबळ्या खेळाडूला वाट ठेवली होती, त्याच्या दारात मात्र कित्येकांना वाट नव्हती. १९८२ पर्यंत स्पर्धेत खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे क्लबचे कॅडी कृष्णवर्णीय असत. परंतु ली एल्डर हा पहिला कृष्णवर्णीय स्पर्धक १९७५ साली तेथे खेळला, पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० साली आणि पहिल्या दोन स्त्री-सभासद २०१२ साली घेण्यात आल्या. जमिनीवरची उदारता माणसांच्या व्यवहारात उतरण्यास ऐंशी वर्षे लागली.

मैदान असो, उद्यान असो की एखाद्या नगराची आखणी असो, मॅकेंझीचा धडा सर्वत्र लागू आहे. अडथळे वाढवून दर्जा वाढत नाही आणि पैसा ओतून योजकता येत नाही. दुबळ्याला सुखाने पार पडता यावे आणि समर्थाला आपले सामर्थ्य पणाला लावावे लागावे, ही किमया ज्या आराखड्यात साधते तो उत्तम. ऑगस्टात ती साधली, तेव्हा तिजोरी रिकामी होती, हे विसरता कामा नये.