सायकलचा पाना कुणाच्या हाती?

‘पूर्वीची सायकल घरी दुरुस्त व्हायची, आताची दुकानातच न्यावी लागते,’ हे वाक्य सायकलवाल्यांच्या कोणत्याही कट्ट्यावर ऐकू येते. यंत्र जितके गुंतागुंतीचे झाले तितका मालकाचा हात त्यावरून सुटत गेला, असे त्यामागचे गृहीतक आहे. लिव्हर टक्कन एक घर सरकवला की चेन नेमक्या दात्यावर जाऊन बसते, असा गिअर शिमानोने १९८४ साली ‘ड्युरा-एस’ संचात आणला. तेव्हापासूनची चाळीस वर्षे तपासली तर हे गृहीतक टिकत नाही. या काळात कित्येक किचकट भाग घरच्या दुरुस्तीला सोपे झाले आणि काही अगदी साधे भाग हाताबाहेर गेले. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या सायकलला बसतो का, आजचा भाग दहा वर्षांपूर्वीच्या सायकलला चालतो का, यावर हौशी सायकलस्वाराचे स्वातंत्र्य ठरत आले आहे. थोडक्यात, प्रश्न मापांचा आहे.

आधी त्या ‘पूर्वीच्या’ सायकलकडे पाहू. स्वातंत्र्यानंतर टी.आय. सायकल्स (१९४९), अ‍ॅटलस (१९५१) आणि हिरो (१९५६) या कंपन्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी कमीअधिक फरकाने इंग्लिश वळणाची काळी रोडस्टरच बनवली. तिची घरची दुरुस्ती म्हणजे हवा भरणे, तेल घालणे, पंक्चर काढणे, फार तर ब्रेकचे रबर बदलणे. क्रँक सैल झाला की काम घरचे राहत नसे. क्रँक ॲक्सलला धरून ठेवणारी कॉटर पिन एका बाजूने तिरकी घासलेली असते. नवी पिन आणली तरी ती क्वचितच तशीच बसते. कानशीने तिचा तिरका भाग थोडा घासायचा, बसवून बघायची, पुन्हा काढून घासायची, मग खालून क्रँकला भक्कम आधार देऊन वरून हातोडी मारायची. आधार नसेल तर मार छर्‍यांवर आणि कटोरीवर बसतो. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने गेल्या नाहीत तर पायडल समोरासमोर येत नाहीत. हे काम चौकातल्या मिस्त्रीचे होते आणि पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात असे मिस्त्री गल्लोगल्ली होते. म्हणजे जुनी सायकल घरी दुरुस्त करायला सोपी होती, ही समजूत अर्धीच खरी. तिची ताकद वेगळी होती: कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, कॉटर, कोन, छर्रे, टायर, चेन मिळायची आणि ती बसायची. कंपनी कोणती हे विचारण्याची फारशी गरज पडत नसे.

याच्या उलट चित्र त्या वेळी युरोप-अमेरिकेत होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गिअरच्या सायकलींची लाट आली आणि तिच्याबरोबर घरी दुरुस्ती शिकवणारी पुस्तकेही आली: टॉम कथबर्टसनचे ‘एनीबडीज बाइक बुक’ १९७१ मध्ये, इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅलंटाइनचे ‘रिचर्ड्स बायसिकल बुक’ १९७२ मध्ये. चाक तारांच्या ताणावर कसे उभे राहते हे समजावणारे जॉब्स्ट ब्रँटचे ‘द बायसिकल व्हील’ १९८१ चे. ही पुस्तके वाचून हाती पाना घेणार्‍याची खरी अडचण व्हायची ती आट्यांपाशी. इंग्लिश सायकलच्या बॉटम ब्रॅकेटला (क्रँकचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या भागाला) उजव्या बाजूस उलटे आटे, फ्रेंच आणि इटालियन सायकलींना दोन्हीकडे सरळ आटे, शिवाय तिघांचे व्यास वेगवेगळे. चुकीच्या दिशेने जोर लावला की आटे गेलेच. यंत्र तेच, साधेच, पण देशागणिक माप बदलल्यामुळे घरच्या माणसाला ते अवघड झाले होते.

गिअर ‘टक्कन’ पडू लागले तेव्हा हौशी मंडळींनी नाके मुरडली होती. आधीच्या लिव्हरमध्ये हाताच्या अंदाजाने चेन कुठेही नेता यायची, कोणत्याही कंपनीचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, कोणत्याही लिव्हरला चालायचा. आता लिव्हर, डिरेलर आणि मागचे दाते यांचे गणित एकमेकांशी बांधले गेले. आक्षेप बरोबर होता, पण पुढची वीस वर्षे उलटीच गेली. शिमानोचा बाजारावर इतका वरचष्मा झाला की त्याची मापे जगाची मापे बनली. १९८९ च्या ‘हायपरग्लाइड’ कॅसेटची, म्हणजे मागच्या दात्यांच्या संचाची, खाचांची रचना सात, आठ, नऊ, दहा गिअरपर्यंत टिकून राहिली. बॉटम ब्रॅकेट छर्‍यांऐवजी बंद डबीत आला, पण आटे इंग्लिश पद्धतीचेच ठेवून. हँडलच्या हेडसेटला पूर्वी ३२ मिलिमीटरचे दोन मोठे पाने लागत. नव्या बिनआट्याच्या हेडसेटला ५ मिलिमीटरची एक ॲलन की पुरू लागली. साधारण १९९० ते २०१० या काळात तीन-चार ॲलन की, चेन तोडायचे हत्यार, कॅसेट काढायची गोटी आणि क्रँक ओढायचा पुलर एवढ्या सामानात जवळजवळ अख्खी सायकल घरी उलगडता येत होती. यंत्र रोडस्टरपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे होते, तरीही घरच्या दुरुस्तीचा हाच सुवर्णकाळ ठरला.

महाराष्ट्रातली हौशी सायकलस्वारी फोफावली ती या काळाच्या शेवटी. २००५ मध्ये फायरफॉक्स आली, २००९ मध्ये डेकॅथलॉनचे भारतातले पहिले दुकान उघडले आणि गिअरची सायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, तेव्हा लांब पल्ल्याची सायकलस्वारी घराघरांत चर्चेला आली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत अशा ब्रेव्हेंचा, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब फेऱ्यांचा, नियमच असा की दोन तपासणी ठाण्यांच्या मध्ये बाहेरची मदत घ्यायची नाही. रात्री घाटात चेन तुटली तर क्विक लिंक लावून ती स्वतःच जोडायची. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी पाना धरला नव्हता अशा डॉक्टर, वकील, संगणक अभियंत्यांना दुरुस्ती शिकावी लागली. गरजेपोटी आलेली ही विद्या पुढे छंद झाली.

या विद्येचा उत्तम नमुना म्हणजे चेन मोजणे. चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून दुसर्‍या पिनेपर्यंतचे अंतर, अर्धा इंच. त्यामुळे नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. चेन ताणून धरायची, इंचांच्या खुणा असलेली फूटपट्टी एका पिनेच्या कडेला शून्यावर लावायची आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघायचे. पिन १२ इंचांच्या खुणेवर असेल तर चेन ठीक; १/१६ इंच पुढे गेली असेल तर बदलायची वेळ झाली; १/८ इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर कॅसेटचे दातेही बहुधा झिजलेले असतात. ‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या लांब होत नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोके झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि चोवीस सांध्यांची मिळून ती पट्टीवर दिसते. झिजलेल्या चेनने दातेही त्याच बेताने झिजतात आणि मग नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारते. वेळेवर एक चेन बदलली की महागडी कॅसेट वाचते. हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या बारा गिअरच्या सायकलला सारखाच लागू पडतो, कारण रुंदी कमी होत गेली तरी पिच अर्ध्या इंचावरून हललेला नाही.

जिथे माप हलले तिथे काय झाले, हे २००० नंतर दिसते. नऊ गिअरच्या काळापर्यंत शिमानोच्या रोड सायकलचे लिव्हर आणि माउंटन बाइकचा मागचा डिरेलर एकमेकांशी जमायचे. चढ असलेल्या प्रवासासाठी मोठे दाते हवे असणारे लोक हाच जोड लावत. २०१० मध्ये माउंटन बाइकच्या दहा गिअरच्या संचात केबल ओढण्याचे प्रमाण बदलले आणि तो जोड मोडला. अकरा गिअरच्या रोड कॅसेटसाठी हबचा सांगाडा १.८५ मिलिमीटरने लांब झाला. पुढे दहा दात्यांचे सर्वांत लहान चक्र बसवण्यासाठी शिमानोने २०१८ मध्ये ‘मायक्रो स्प्लाइन’ ही वेगळीच खाच आणली. या बदलांमागे तांत्रिक कारणे होती. पण ‘फक्त कॅसेट बदलू’ म्हणून सुरू झालेले अपग्रेड लिव्हर, डिरेलर, चेन आणि कधी मागच्या चाकापर्यंत पोचू लागले. बॉटम ब्रॅकेटची कथा आणखी बोलकी आहे. कॅननडेलने २००० मध्ये आणलेल्या ‘बीबी-३०’ मध्ये आटे नाहीत. बेअरिंग थेट फ्रेमच्या भोकात दाबून बसवायचे. रचना आट्यांपेक्षाही साधी. पण भोक मिलिमीटरच्या छोट्या अंशानेही सैल पडले की बेअरिंग कुरकुरते, काढताना ते ठोकून काढावे लागते आणि परत बसवायला खास प्रेस लागते. त्यातून अनेक कंपन्यांनी स्वतःची रुंदी आणि व्यास काढला. साधा भाग घरच्या हातून गेला, तो असा.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे, खरा दोष इलेक्ट्रॉनिक गिअरचा. २००९ मध्ये शिमानोचा ‘डी-आय-टू’ आला, २०१५ मध्ये स्रॅमचा बिनतारी ‘ई-टॅप’, आणि बॅटरीवर चालणारी वस्तू घरी कोण उघडणार? बिघडलेली मोटर घरी उघडता येत नाही, हे मान्य. पण घरच्या दुरुस्तीचा मोठा भाग रोजच्या देखभालीचा असतो, आणि तिथे इलेक्ट्रॉनिक गिअर उलट सोपा आहे: केबल गंजत नाही, ताण सैल होत नाही, सूक्ष्म जुळवणी बटणाने होते. हायड्रॉलिक ब्रेकचेही तसेच. तेल बदलणे घरी जमते. गफलत होते ती तेलात. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागते आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव. एकाचे दुसर्‍यात घातले की आतली रबरे फुगून खराब होतात. इथेही अडचण तंत्राने कमी आणि दोन मापांनी जास्त केली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मापे गोठवली तर प्रगती थांबेल. इतिहास याला दुजोरा देत नाही. अर्ध्या इंचाच्या पिचवर बिनगिअरच्या रोडस्टरपासून बारा गिअरपर्यंतचा प्रवास झाला. स्रॅमने २०१९ मध्ये डिरेलर अडकवण्याचा ‘युनिव्हर्सल हँगर’ तयार करून फ्रेम बनवणार्‍या कंपन्यांना तो वापरू दिला. तोवर हँगर वाकला की त्याच फ्रेमचा नेमका हँगर शोधत फिरावे लागे. आणि २०२३ मध्ये स्रॅमने त्याच जागेवर हँगरशिवाय थेट बसणारा डिरेलर आणला, म्हणजे समान मापानेच नव्या तंत्राला वाट दिली. यात कंपनीचा स्वार्थ होताच; पण फायदा सायकलस्वारालाही झाला. बॉटम ब्रॅकेटमध्येही २०१५ मध्ये ‘टी-४७’ हे मोठ्या व्यासाचे आट्यांचे माप आले आणि अनेक कंपन्या दाबून बसवायच्या बेअरिंगवरून पुन्हा आट्यांकडे वळल्या. कुरकुरीला कंटाळलेल्या गिर्‍हाइकांचा त्यात मोठा वाटा होता.

तिसरा मुद्दा मिस्त्रींचा. सगळे घरीच दुरुस्ती करू लागले तर चौकातल्या दुकानाचे काय? २०२० मध्ये याचे उत्तर मिळाले. साथीच्या काळात जगभर सायकलींची मागणी वाढली, सुट्या भागांचा तुटवडा पडला. इंग्लंडमध्ये तर सरकारने जुन्या सायकली दुरुस्त करून घेण्यासाठी ५० पौंडांची व्हाउचर दिली. तेव्हा दुकाने ओस पडली नाहीत, त्यांच्यापुढे रांगा लागल्या. घरी पाना धरणारा माणूस सायकल चालवत राहतो, भाग विकत घेतो आणि अवघड काम मिस्त्रीकडेच नेतो. कार्बन फ्रेमला गेलेली चीर, आटे गेलेला क्रँक, भलताच आऊट आलेले चाक ही कामे त्यांचीच आहेत आणि तिथे घरी प्रयोग करणे धोक्याचे आहे. हँडल आणि सीटपोस्टचे बोल्टसुद्धा टॉर्क रेंचशिवाय अंदाजाने आवळू नयेत. मापे जुळेनाशी झाली की मात्र मिस्त्रीही अडचणीत येतो, कारण प्रत्येक कंपनीचे वेगळे हत्यार आणि वेगळा साठा ठेवणे छोट्या दुकानाला परवडत नाही. घरचा पाना आणि मिस्त्रीचा पाना यांचे हित एकच आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने सुरुवातीला शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे धरली. त्या चर्चेत सायकलचे नाव पुढे आलेले नाही, आणि ते आणायचे तर मागणी सायकलस्वारांनाच करावी लागेल. तोवर निदान खरेदी करताना आपला पैसा योग्य बाजूला टाकता येतो. नवी सायकल घेताना गिअर किती आणि वजन किती याआधी विचारा: बॉटम ब्रॅकेटला आटे आहेत का? हँगर युनिव्हर्सल आहे का, नसेल तर सुटा मिळतो का? कॅसेट आणि ब्रेक पॅड आपल्या गावात कुणाकडे आहेत? दुकानदाराला या प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील, तर ती सायकल कितीही चकचकीत असो, घेऊ नका.