बटण दाबलं, पुढं काय?

न्यूयॉर्कच्या सिग्नलांवर पादचाऱ्यांसाठी बटणं असतात. दाबा, थांबा, दिवा बदलला की रस्ता ओलांडा. २००४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं या बटणांची झडती घेतली, तेव्हा ३,२५० पैकी अडीच हजारांहून जास्त बटणं नुसती खांबाला चिकटलेली निघाली. सिग्नलच्या वेळा संगणक ठरवू लागला, तशी १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक बटणं निकामी करण्यात आली होती. उखडायला खर्च येतो म्हणून ती तशीच राहिली. माणसं मात्र इमानेइतबारे दाबत होती आणि दिवा आपल्या वेळेला बदलत होता, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

तिकडच्या लिफ्टमधलं ‘दार बंद करा’चं बटणही याच जातीचं. कुबडी घेतलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आत येता यावं म्हणून दार ठरावीक वेळ उघडं राहिलंच पाहिजे, असा दंडक अमेरिकेत १९९०च्या कायद्यानं आला. त्यामुळे घाईतल्या उतारूला ते बटण दाद देत नाही. किल्ली असलेल्या अग्निशमन जवानाला देतं. मला हे बटण फसवं वाटत नाही. ते आपल्यासाठी नाही, एवढंच.

तरी आपण दाबतो. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली याला ‘नियंत्रणाचा भास’ म्हटलं. त्यांच्या प्रयोगात एका डॉलरचं लॉटरीचं तिकीट स्वतः निवडणाऱ्यांनी ते विकायला सरासरी साडेआठ डॉलरच्या वर मागितले. ज्यांच्या हातात कुणीतरी तिकीट ठेवलं होतं, ते दोन डॉलरच्या आतच राजी होते. सोडतीत दोघांचं नशीब सारखंच होतं.

देडतलाईला या गमतीजमती दूरच्या. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या या टोकाला, महाराष्ट्रातल्या मेळघाटच्या वेशीवर, कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. लिफ्ट किंवा चौकात सिग्नल लागावा एवढं काही ते गाव मोठं नाही. पण एक सार्वजनिक बटण इथं अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला दाबता येतं. मतदान यंत्राचं. आणि ‘याने खरंच काही होतं का?’ हा प्रश्न जगात सगळ्यांत जोरात विचारला जातो तो बहुधा याच बटणाबद्दल.

निळं, आडवं, शेजारी बाणाचा लाल दिवा. या यंत्राच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा हात आहे. आता मजा बघा: मतदार आडोशाला जातो तेव्हा त्याचं बटण मेलेलंच असतं. टेबलावरच्या कंट्रोल युनिटचं ‘बॅलट’ बटण मतदान अधिकाऱ्यानं दाबलं, तरच ते जिवंत होतं, तेही एकाच मतापुरतं. मत पडलं की दिवा लागतो, लांब बीप वाजतो आणि यंत्र पुन्हा कुलूपबंद. त्यानंतर कितीही बडवा, काही होत नाही. वीज गेली तरी फरक नाही, ते बॅटरीवर चालतं.

लंडनच्या सिग्नलपेटीखाली एक छोटा शंकू असतो. चालायचा इशारा झाला की तो बोटाखाली फिरतो आणि अंध माणसाला कळतं. बटणावर विश्वास बसतो तो असा, उत्तर मिळालं की. मतदान यंत्राची सगळी कहाणीच उत्तरं वाढवत नेण्याची आहे. १९८२ साली केरळात परूरला ते पहिल्यांदा वापरलं, तेव्हा दिवा आणि आवाज पुरेसा वाटला होता. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला कायद्याचा आधार नाही म्हणून ती निवडणूक रद्द केली, आणि १९८९च्या दुरुस्तीनं तो आधार दिला. पुढे लोक म्हणाले, बीप वाजला, पण मत गेलं कुठं? म्हणून २०१३पासून व्हीव्हीपॅट आलं. काचेआड चिठ्ठी, सात सेकंद, मग पेटीत. चष्मा घरी विसरलेल्या आजीला सात सेकंद म्हणजे काहीच नाही, हे मात्र कुणी लक्षात घेतलेलं दिसत नाही. चिठ्ठी चुकीची निघाली असं वाटलं, तर ४९एमए नियमाखाली लेखी तक्रार करता येते. पण खोटी ठरली तर गुन्हा. एवढं धाडस करणारा मतदार विरळा.

चिठ्ठी आली तशी नवी शंका आली: दिसली खरी, पण मोजतं कोण? २०१९ साली न्यायालयानं दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या पडताळायला सांगितलं. तरी सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं विधानसभेच्या निकालानंतर, डिसेंबर २०२४मध्ये, गावापुरतं पुन्हा मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. विशेष म्हणजे गावकऱ्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता. आपल्या गावातला आकडा त्यांना पटत नव्हता. प्रशासनानं जमावबंदी लावून ते थांबवलं. माझ्या मते, हे मतदान होऊ देऊन फार तर एक दिवस वाया गेला असता. कायद्यात ते बसत नव्हतं हे मान्य, पण शंका पोलिसांनी मिटत नाही.

खरा सीमेवरचा किस्सा २०२४च्या लोकसभेचा. सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं धारणी अमरावती मतदारसंघात, देडतलाई खंडव्यात. धारणीत २६ एप्रिलला मतदान होतं आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. फेटाळताना दोन गोष्टी मात्र दिल्या. हरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या उमेदवारानं खर्च भरला, तर पाच टक्के यंत्रांच्या चिप तपासता येतील. आणि व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरणारं उपकरण सीलबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस ठेवायचं. ही दुसरी अट १ मेपासून पुढे भरलेल्या चिन्हांना लागू होती. धारणीची पेटी तोवर बंद झाली होती. देडतलाईनं १३ मेला बटण दाबलं.